गच्चीचं कुलूप

मित्रहो, आज सकाळी गच्चीच्या कुलपावर मी दगड घातला आणि माझं सगळं बिनसलं. कट्ट्यावर हे सगळ्यांना वाचून दाखवा.

आमच्या जळगावच्या सोसायटीचा नवा नियम: गच्चीवर वाळवण घालायचं नाही. किल्ली सेक्रेटरी नानांकडे. नाना म्हणजे सुनंदाचे वडील, आणि सुनंदावर माझा किती जीव आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आईने पहाटेच बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजवला होता. घाटा गार झाला की थापता येत नाही, फुकट जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, याच बिबड्या घेऊन ती नानांकडे सुनंदाला मागणी घालायला जाणार होती.

"थांब, मी नानांना विचारते," आई म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? गच्ची त्यांच्या बापाची आहे का?" म्हणत मी वर गेलो आणि कुलूप फोडलं.

वळून बघतो तर जिन्यात सुनंदा. हातात किल्ली.

"भांडून आणली होती रे नानांकडून, आजच्यापुरती," ती म्हणाली.

मागोमाग नाना आले. "कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. अशा पोराला कोण मुलगी देईल?"

सुनंदा किल्ली पायरीवर ठेवून खाली गेली.

गच्ची आता उघडी होती, पण आई वर गेलीच नाही. सगळंच वाया गेलं म्हणून गार घाट्यापाशी बसून आपल्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं वाया गयं. आते कोनतं तोंड लिसन जाऊ मी तेस्ना घर?"

तुम्हीच सांगा, जरा थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

मला आईकडे बघवेना. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.