महापौर पडले, सेक्रेटरी निवडून आले

आमच्या गार्गीचं एक शहर होतं. ते मी एका रविवारी सकाळी बुडवलं.

गार्गी सातवीत. नागरिकशास्त्रात तिला असे मार्क पडले की बायकोने मोबाईल थेट पिठाच्या डब्यात लपवला.

"अगं आई, त्या ऑनलाइन गेममध्येच तर मी सिव्हिक्स शिकते," गार्गी म्हणाली. "मी मेयर आहे. पब्लिकला पाणी देते, रस्ते बांधते. आणि पब्लिक म्हणजे खरी मुलं आहेत, पार उल्हासनगर-बदलापूरची."

"अहो, तुम्हीच बघा खरं का खोटं," बायकोने मोबाईल झटकून माझ्या हातात दिला.

मी लगेच बसलो. अंबरनाथ पूर्वेला आमची सोसायटी, तिचा मी सेक्रेटरी. शहर म्हणजे तरी काय, जरा मोठी सोसायटी! शिवाय खाली पार्किंगमध्ये वार्षिक सभा सुरू व्हायला थोडा वेळ होता. त्या सभेत मी सेक्रेटरीपद सोडणार होतो. पाण्याची मोटर, टँकर आणि पार्किंगची भांडणं यांनी जीव नकोसा झाला होता.

मेयर होताच मी शिस्त आणली. बागेत खेळायला बंदी, पाणी फक्त सकाळी, आणि पहिली पाइपलाइन मेयरच्या बंगल्याला.

"बाबा, पब्लिक भडकलंय. सब लोग शहर छोड के जा रहे हैं."

"नोटीस लाव. विषय विचाराधीन आहे म्हणावं."

"तसं बटणच नाहीये. आता ते वोटिंग घेणार. हरलास तर खुर्ची गेली."

खुर्ची जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी टँकर सोडले, बाग उघडली, चौकातला मेयरचा पुतळाही हलवला (तो मीच बसवला होता). "अहो, सभा!" म्हणत बायको खाली गेली. मी "आलोच" म्हणालो आणि प्रचाराला लागलो.

सपाटून पडलो.

तेवढ्यात बायको पेढे घेऊन वर आली. "अभिनंदन. परत तुम्हीच सेक्रेटरी, बिनविरोध."

आमच्याकडे सभेला जो नसतो, त्याच्याच गळ्यात हे पद पडतं. त्या भीतीने तळमजल्यावरचे लालवानी अंकल अंगात ताप असला तरी सभेला येऊन बसतात.

"अगं, मग तू काही बोलली नाहीस?"

"बोलले ना. तुमचं नाव मीच सुचवलं. नाहीतर मलाच करत होते."

"पण आई, बाबाने आत्ताच अख्खं शहर बुडवलंय," गार्गी म्हणाली. "अशा माणसाला कोण निवडून देतं?"

"दुसरं कोणी उभं राहायला तयार नसलं, की सगळेच देतात."

मी पेढा तोंडात टाकला. मला निवडून देणाऱ्या त्या बिचाऱ्या पब्लिकची मला फार दया आली.