चोपड्याच्या भिंतीवरचा रशियन घोडेस्वार

भुसावळला उतरून पुलावर चढले, तेव्हा कुठे लक्षात आलं, चित्रांची नळी गाडीतच राहिली होती. गाडी केव्हाच पुढे गेली होती.

रशियन क्रांतीच्या काळातली पोस्टर्स हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यावर बोलायला मी कोल्हापूरहून चोपड्याला निघाले होते. निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या नानांनी वाचनालयात व्याख्यान ठेवलं होतं. मी त्यांना फोन लावला.

"नाना, चित्रंच हरवली. कार्यक्रम रद्द करू या का?"

"ताई, लोकांना सांगून बसलोय. हात शाबूत आहेत ना? मग या, इथे काढून दाखवा."

यावलमार्गे एसटी निघाली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मागे निळा सातपुडा. मी मात्र गुडघ्यावर बोटाने घोडा काढून पाहत होते. नानांच्या घरी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत होतं. चित्रांशिवाय कसं निभावणार, या भीतीने मी जेवतानाही टिपणं चाळत होते.

माझा फोन येताच नानांनी वाचनालयाची एक भिंत चुन्याने पांढरी करून घेतली होती. हातात गेरू आणि कोळसा देऊन म्हणाले, "काढा." खोली भरली होती. मी घोडा काढला, त्यावर स्वार, स्वाराच्या हातात भाला, टापांखाली अजगर.

पहिल्या रांगेतल्या एक अक्का ओरडल्या, "हाऊ ते आमना खंडेराव शे!" (हा तर आमचा खंडेराव!)

सगळे हसले. माझी भीती तिथेच गेली. मी सांगितलं, जुन्या रशियात असा एक संत घरोघरी पुजला जाई. क्रांतीच्या चित्रकारांना निरक्षर माणसांशी बोलायचं होतं. त्यांनी त्याच घोड्यावर लाल सेनेचा सैनिक बसवला आणि अजगराला भांडवलदाराची उंच टोपी घातली.

मागून एका आबांनी विचारलं, "म्हणजे देवाला काढून टाकलं?"

माझ्याआधी अक्काच वळून म्हणाल्या, "आबा, घोडावरना माणूस बदलना, भाला तोच शे." (घोड्यावरचा माणूस बदलला, भाला तोच आहे.)

टाळ्या थांबेनात. तासाभराचं व्याख्यान अडीच तास चाललं, भिंत कोपऱ्यापर्यंत भरली. कोणीही उठलं नाही. शेवटी अक्कांनी माझ्या हातून गेरू घेतला आणि घोड्याला झूल काढली.

या पोस्टर्सवर मी एक पुस्तक लिहीत होते; घरी आल्यावर त्याचं पहिलं प्रकरण रद्द केलं. नवं प्रकरण अक्कांच्या भाल्याच्या वाक्याने सुरू होतं. त्या चित्रकारांनी चित्रं काढली होती शेतात राबणाऱ्या माणसांसाठी. इतकी वर्षं मी ती अभ्यासकांना समजावत बसले होते. चोपड्यात ती पहिल्यांदा योग्य माणसांपुढे उभी राहिली, आणि एका नजरेत ओळखली गेली.