भावजींची भूल

झोपेवर हुकमत असलेला माणूस अख्ख्या बंगळुरात एकच होता, आणि तो माझ्या अक्काचा नवरा होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. भावजी इस्पितळात भूल देत, आणि घरीदारीही त्यांचं लक्ष लोकांच्या डोळ्यांवरच असे. कुणी डुलकी काढून उठलं की हे समोर हजर: "नाव सांगा. आज वार कोणता?" एका लग्नात त्यांनी पेंगणाऱ्या व्याह्यांनाच वार विचारला. व्याही चुकले. "थायोपेंटोन!" भावजी आनंदाने ओरडले, आणि अक्काने त्यांना दंडाला धरून पंगतीत नेलं.

थायोपेंटोन म्हणजे शिरेतून द्यायचं जुनं औषध. काम दात काढण्याएवढं असलं तरी माणूस संध्याकाळपर्यंत पेंगत राही. नवं मेथोहेक्सिटोन आलं तेव्हा भावजींनी घरात पेढे वाटले. छोट्या शस्त्रक्रियांना ते कधी हे, कधी ते देऊन पाहत आणि जेवताना आम्हाला तुलना ऐकवत. "नव्या औषधाने उचक्या लागतात, कबूल. पण झोपवतात दोन्ही. लवकर परत कोण आणतं, ते बघा!"

अशात आमच्या अप्पांच्या काखेत गळू झालं. ताप चढत होता, गळू कापणं भाग होतं, तरी अप्पांचं एकच: "स्वल्प दुखतंय, बस." त्यांचे थोरले भाऊ भुलीतून उठलेच नव्हते.

"अप्पा, डोळा लागतोय तोवर उठवतो. सरी? चालेल ना?" भावजी म्हणाले.

"आणि नाही उठलो तर?"

भावजींनी त्यांचा हात हातात घेतला. "तर पुन्हा सुई हातात धरणार नाही."

अप्पा तयार झाले. सर्जन म्हणाले, "जुनंच द्या, सवयीचं आहे." भावजी हटले नाहीत. "आज नवंच, सर. हे घाबरलेत. यांना लवकर जागं व्हायचंय."

मी दाराबाहेर उभी होते. थोड्याच वेळात आतून अप्पांचा खणखणीत आवाज आला, "अहो, सुरू कधी करणार?"

पट्टीसुद्धा बांधून झाली होती! सर्जन खदखदून हसले. भावजी टोपीसकट बाहेर धावले आणि व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांना मिठ्या मारू लागले. दुपारी अप्पा आपल्या पायांनी चालत जाऊन जटक्यात, म्हणजे तिथल्या टांग्यात, बसले आणि जटकेवाल्याला कानडीत जावयाचा पराक्रम सांगू लागले.

भावजी मात्र दिसेनात. इस्पितळाच्या मागच्या पायरीवर सापडले. टोपी उतरवून मांडीवर तिची पुन्हापुन्हा घडी घालत होते.

"प्रत्येक वेळी इथे येऊन बसावं लागतं गं," ते म्हणाले. "माणूस डोळे मिटतो ना, तेव्हा शेवटचं माझ्याकडेच बघतो."

मी शेजारी बसले. जटक्यातून अप्पा हाका मारत होते. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.