मनकर्णाकाकूंनी बॉनेट उघडलं

राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर मनकर्णाकाकू ब्लाऊज शिवतात आणि त्यांचे यजमान गोरक्षनाथ डिझेलची जीप चालवायचे. राहुरीहून माणसं भरायची, वांबोरीला उतरवायची, तिथली घेऊन परत यायचं. गाडीचं लहानमोठं काम काका स्वतःच करत. गॅरेजवाल्याच्या हाती गाडी देणं त्यांना स्वतःच्या लेकराला परक्याच्या हातून न्हाऊ घालण्यासारखं वाटायचं. काकू त्या गाडीला हात लावत त्या फक्त दसऱ्याला, झेंडूची माळ घालायला.

तीन वर्षांपूर्वी काका चिंच झोडताना झाडावरून पडले. खांद्याचं हाड जुळलं, पण उजवा हात छातीच्या वर जाईना आणि बोटांत पाना धरायची ताकद राहिली नाही. जीप गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. जेवण झालं की काका रोज तिथं जाऊन स्टिअरिंगपुढं बसत. काही करत नसत, नुसते बसत. मागच्या बाकावर एक कोंबडी अंडी घालायला लागली होती, तिलाही त्यांची सवय झाली.

एका दुपारी काकू अंडं आणायला गेल्या आणि तिथंच थांबल्या. हिला झालंय तरी काय, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, व्हायचंय काय, उभ्या गाडीला होतं तेच. रबरी पाइप चिरलाय, डिझेलच्या लाइनीत हवा शिरलीय, बॅटरी मेलीय. हात धड असते तर दोन दुपारींचं काम.

काकूंनी अंडं ओच्यात ठेवलं. "हात माझे धड हायेत," त्या म्हणाल्या. "तुमी सांगा, मी करते."

काकांना ती चेष्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर काकू लुगड्यावर त्यांचाच जुना शर्ट चढवून आल्या आणि बॉनेट वर केलं. काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काठीनं दाखवायला लागले. पहिले काही दिवस नुसती भांडणं झाली. ते म्हणत, "तो तिकडचा नट." ह्या विचारत, कुठल्या तिकडचा? शेवटी काकूंनी कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि प्रत्येक नटाशेजारी आकडा घातला. मग काम सुरळीत झालं. 'चार ढिला कर, सहाला हात लावू नको' एवढ्यावर भागायला लागलं. चिरलेला पाइप काढून त्याच्याच मापाचा नवा त्यांनी शिवणाच्या कात्रीनं कापला. कात्रीची धार गेली, त्याचं त्यांना दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

हवा काढायचा दिवस आला. डिझेलच्या फिल्टरवरचा स्क्रू जरासा सैल करायचा आणि बाजूचा छोटा हातपंप दाबत राहायचं. आधी बुडबुडे येतात, ते थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. काकूंनी स्क्रू जरासा न करता पुरताच काढला आणि जोरात पंप दाबला. डिझेलची धार थेट तोंडावर आली. मागून खो खो हसण्याचा आवाज आला. काकूंनी रागानं वळून बघितलं, तर काका खुर्चीत वाकून, पोट धरून हसत होते. झाडावरून पडल्यापासून ते असे हसलेच नव्हते. काकूंचा राग तिथंच विरला. पदरानं तोंड पुसता पुसता त्याही हसायला लागल्या.

शेजारच्या वाल्मिकनं ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर जोडून दिली. काकूंनी सेल्फ मारला. एकदा, दोनदा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा पत्र्याखाली काळाकुट्ट धूर झाला, गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, कोंबडी ओरडत कुडावर चढली आणि जीप धडधडायला लागली. काका खुर्चीतून उठले आणि गरम होत चाललेल्या बॉनेटवर डावा हात ठेवून उभे राहिले. बंद कर म्हणेचनात.

आता चालवणार कोण, हा प्रश्न होता. तोही काकूंनीच सोडवला. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात त्या शिकल्या. नवी बॅटरी, गाडीचं पासिंग आणि त्यांचं लायसन यात उन्हाळा गेला. उरलेल्या चिंध्या जोडून त्यांनी सीटला कव्हरं शिवली. लेक धनश्री नगरला सावेडीत राहते, तिला यातलं काहीच कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

मग एका रविवारी सकाळी दोघं सावेडीला निघाले. विळदच्या घाटापर्यंत गाडी छान चालली. चढाला लागल्यावर तिचा दम सुटायला लागला आणि अर्ध्या चढावर ती बंदच पडली. काकूंनी हँडब्रेक ओढला, उतरून चाकांमागं दगड लावले. शेजारून ट्रक घोंगावत जात होते. काका घाबरले. ते स्वतः धड असते तर घाबरले नसते. त्यांनी मोबाईल काढला आणि नगरच्या ओळखीच्या मेस्त्रीचा नंबर शोधायला लागले.

"ठेवा तो," काकू म्हणाल्या. "आधी मला बघू तर द्या."

त्यांनी फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडला. डिझेलऐवजी काळा गाळ थेंबथेंब आला. एवढे दिवस टाकीच्या तळाशी बसलेली घाण चढावर हलून वर आली होती. काका सांगायला तोंड उघडणार, तोवर काकूंनी फिल्टर उतरवून झटकलाही होता. काकांनी मोबाईल खिशात टाकला आणि न मागता एकेक पाना डाव्या हातानं पुढं करायला लागले. एक मोटारवाला थांबला. मदत नको म्हटल्यावर त्यानं हात धुवायला पाण्याची बाटली दिली आणि गेला.

काकूंनी फिल्टर बसवला, हवा काढली, स्क्रू आवळला आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. काका स्टिअरिंगपुढं जाऊन बसले, डाव्या हातानं किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. किती दिवसांनी त्यांच्या हातून ती सुरू झाली होती. काकूंनी बॉनेट पाडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. बसू दे जरा वेळ, असं त्यांना वाटलं.

पण काका आपणहून सरकून पलीकडच्या सीटवर गेले. "चल, बस," ते म्हणाले. "गाडी तुज्याकडनं लई नीट चालती."

काका चालवत होते तेवढ्या वर्षांत काकू त्या जीपमध्ये पुढं कधीच बसल्या नव्हत्या. पुढची जागा भाडं देणाऱ्यांची. माहेरी जातानासुद्धा त्या मागं, आडव्या बाकावर, कुणाच्यातरी पिशव्या मांडीवर घेऊन बसत. त्यांनी क्लच दाबला आणि गाडी घाट चढून गेली.

सावेडीला सोसायटीच्या फाटकात हॉर्न वाजला. आवाज ओळखून धनश्री गॅलरीत आली. वडिलांचा हात बरा झाला की काय, असं तिला वाटलं. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूनं आई उतरली, कोपरापर्यंत काळी. धनश्री धावत खाली आली. आईला गाडी चालवता येते, एवढंच ती परत परत बोलत होती.

"चालवती काय, दुरुस्त बी करती," काका म्हणाले आणि फाटकातल्या वॉचमनला घाटातली सगळी हकीकत सांगायला लागले. वॉचमन धुराची तक्रार करायला आला होता, ती राहूनच गेली. नात संस्कृतीनं सोसायटीतली पोरं गोळा केली. संध्याकाळपर्यंत काकू त्यांना मोकळ्या मैदानात चकरा मारून आणत होत्या. शेवटच्या चकरेला वॉचमनही बसला.

आता बाजाराच्या दिवशी वस्तीवरच्या बायका त्यांच्याच जीपमधून राहुरीला जातात. गेल्या आठवड्यात ब्रेक कमी लागायला लागले म्हणून काकूंनी मागचं चाक उतरवलं. काका म्हणतात लायनर झिजलेत. काकू म्हणतात झिजले नाहीत, नुसता ताण कमी पडलाय. मी मघाशी त्यांच्या अंगणातून आलो तेव्हा चाक जात्याला टेकवलेलं होतं, शेजारच्या रतनबाई दोघांसाठी चहा घेऊन उभ्या होत्या आणि वाद अजून मिटला नव्हता.