मोबाईलची मास्तरीण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोबाईलला इंग्रजी ऐकवणं. थंडीचे दिवस होते. तिन्हीसांजेला बायको ओट्यावर बसलेली आणि मी शेजारची पिठाची गिरणी थांबायची वाट बघत दारात उभा. गिरणी थांबली तसा मी हात वर केला. तिनं मोबाईलपाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन, थँक यू." म्हणजे मी बरी आहे, तुमचे आभार. मोबाईलनं हिरवी खूण दाखवली. ती म्हणाली, "झालं. आता भाकरी टाकते." पहाटे तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मातीला आलेली माणसं एकच विचारत होती. आदल्या दिवशी काही जाणवलं नाही का? काही बोलली नाही का? मी सांगितलं, संध्याकाळपर्यंत तिला बरं होतं. एक पाहुणा म्हणाला, बायका दुखणं लपवतात. लपवत असतील. ही माझ्यापाशीही कधीतरी लपवायची. पण मोबाईलपाशी ती खोटं बोलत नव्हती. ते कसं, ते कुणाला सांगून पटत नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. चुका दिसतील. दिसू द्या.

पुणतांब्यात आमच्या गल्लीत तिला मोबाईलची मास्तरीण म्हणायचे. त्याचं असं, की मोबाईलमध्ये इंग्रजीचा धडा यायचा. आधी एक बाई वाक्य बोलून दाखवायची, खाली मराठी अक्षरात ते लिहिलेलं असायचं, मग आपण तसंच म्हणायचं. बरोबर आलं की हिरवी खूण. चुकलं की लाल, आणि ती बाई गोड आवाजात म्हणायची, "पुन्हा बोला." दुसऱ्या बायका ओशाळायच्या, पुन्हा बोलायच्या. ही म्हणायची, "मी नीट बोलले. तू पुन्हा ऐक." आणि मोबाईल खाली ठेवून तांदूळ निवडायला लागायची, त्याला विचार करायला वेळ दिल्यासारखं. मी म्हणायचो, अगं, ते यंत्र आहे. "मग काय झालं? यंत्राला कान दिलेत ना? वापरू दे की."

हा उद्योग घरात आला तो संगमनेरच्या कॉलेजातल्या वैशाली मॅडममुळं. त्या इंग्रजी शिकण्यावर संशोधन करत होत्या. बचत गटाच्या बायकांना त्यांनी विहारात जमवलं आणि सांगितलं, की मोबाईलवर इंग्रजी शिकायची सोय आता गावोगाव झाली आहे, पण मोबाईलला आपल्याकडच्या बायकांचं बोलणं कळत नाही. तो शहरातल्या आणि परदेशातल्या आवाजांवर तयार झालाय. त्यामुळं बाईनं बरोबर म्हणलं तरी तो चूक म्हणतो, आणि बाई शिकणं सोडून देते. इथल्या बायकांचे पुष्कळ आवाज त्याला ऐकवले तर तो सुधारेल. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमची उभी राहिली. "म्हंजी चूक बाईची न्हाई?"

"नाही आजी. मशीनची."

"मग लिव्हा माझं नाव."

मला तेव्हाच कळलं, हिच्या डोळ्यापुढं सुनीता आहे. सुनीता आमची सून. विलास नगरला एमआयडीसीत आहे, तिथं त्यांची दोन खोल्यांची जागा. सुनीता बारावी झालेली, हुशार. दुकानात नोकरी मिळावी म्हणून मोबाईलवर इंग्रजी शिकायला लागली होती. आम्ही दिवाळीला गेलो तेव्हा तिनं धडा लावला आणि एकाच वाक्याला तिला लाल, लाल, लाल. पोरगी आमच्यादेखत रडली. म्हणाली, "माझी जीभच जड आहे आत्या, मला नाही यायचं." त्यानंतर तिनं सोडलंच. आमची परत येताना रेल्वेत एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प बसणं म्हणजे लई मोठी गोष्ट.

कारण तिचा आवाज. मी साखर कारखान्यात मिलपाशी जन्म काढला, माझे कान निम्मे गेलेत. माझ्याशी बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की तिनं कुणाची चहाडी कानात केली तरी ती चौकात ऐकू जायची. सगळी गल्ली आमच्या घरचं कालवण काय ते जाणून असायची. मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आजी, जरा हळू. आवाज फाटतोय." ही म्हणाली, "फाटू द्या. ह्यांना ऐकू आलं पायजे." मॅडम म्हणाल्या, "पण बोलायचंय मोबाईलशी." तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, "दोघं सारखेच हाईत."

खरी गंमत पुढं झाली. धड्यात वाक्य आलं, मला दोन भाऊ आहेत. ही गप्प. मॅडम म्हणाल्या, "म्हणा ना आजी." "मला एकच भाऊ हाय." "अहो, ते नुसतं वाक्य आहे." "वाक्य आसंल. तोंड तर माझं हाय." आणि तिनं एकच भाऊ आहे असं इंग्रजीत जुळवून म्हणलं, तर मोबाईलनं लाल खूण दिली. बहीण पुण्यात राहते, हे ती म्हणेना, कारण तिची बहीण कोपरगावला. मी कालच सिनेमा पाहिला, हे तर तिनं हसण्यावारी नेलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण माणूस चांगला, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जी वाक्यं नकोत ती सोडा.

पण सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ज्या वाक्यांचं खरं होणं शक्य आहे, त्यांची ती वाट बघायची. पाऊस पडतोय, हे वाक्य वैशाखात आलं होतं. तिनं ते आषाढापर्यंत ठेवलं, आणि एके दिवशी दुपारी सर आली तशी पत्र्याखाली मोबाईल घेऊन पळाली. पत्र्याच्या आवाजानं ते रेकॉर्डिंग वाया गेलं, ते वेगळं. मी दमले आहे, हे ती खुरपणीवरून आल्यावर पाय धुवायच्या आधी म्हणायची. मला भूक लागली आहे, हे जेवायच्या आधी. मी चिडवायचो, "खोट्याचं पाप इंग्रजीत लागत न्हाई." ती म्हणायची, "मशीन शिकतंय ना माझ्याकडून? मग खोटं कसं शिकवू?"

म्हणून मला पक्कं माहीत आहे, त्या संध्याकाळी ती बरी होती.

माझं काम आवाज बंद करायचं. ती बोलायच्या वेळी मी कोंबड्या हुसकायचो, गिरणीवाल्याला खुणावायचो, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला हात करायचो. खोकला आला तर मला घराच्या मागं जावं लागायचं. जिथं दुसरा आवाज येतो किंवा मध्येच मराठी येतं, तेवढं कॉलेजात कापून टाकतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. हिचं निम्मं कापलंच जात असणार. एक वाक्य इंग्रजी आणि मग, "आवं, त्या शेळीला बघा."

एकदा मॅडमनी विहारात बायकांना नवा नियम सांगितला. दुसऱ्या एका गावात एका नवऱ्यानं येऊन, माझी बायको मोबाईलवर काय बोलते ते मला ऐकवा, रेकॉर्डिंग द्या, म्हणून तमाशा केला होता. तेव्हापासून ठरलं, की कुणाचाही आवाज घरच्यांना द्यायचा नाही, आणि काम संपल्यावर आवाजाचं नावही पुसून टाकायचं, म्हणजे कुठला आवाज कुणाचा हे कुणालाच कळणार नाही. मी दारात उभा होतो. आमची सगळ्यांपुढं म्हणाली, "बरं केलं. आवाज माझा, मी मॅडमला दिला. ह्यास्नी कशाला पायजे? रोज फुकट ऐकत्यात." बायका माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसलो.

ती गेल्यावर घरात जे झालं ते सांगता येत नाही. मला तसंही कमी ऐकू येतं, त्यामुळं शांतता मला नवी नाही, असं वाटायचं. पण ऐकू न येणं निराळं आणि आवाजच नसणं निराळं. सकाळपासून मी कुणाशी बोललो नाही, हे मला दुपारी दूधवाला पैशाचं विचारायला आला तेव्हा कळायचं, घशातून शब्द सरळ निघायचा नाही. फोटो आहेत, पुष्कळ आहेत. आवाज कुठंच नव्हता. विलासच्या लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, पण वर बॅन्ड वाजतोय. ओठ तेवढे हलतात. मोबाईलमधला धडा लावून बघितला, तर ती गोड आवाजाची बाई बोलते, आमची नाही. जे बोललं ते सगळं संगमनेरला गेलेलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वैशाली मॅडम आल्या. जेवणं झाल्यावर माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, "आबा, एक विचारायचं आहे. माणूस गेलं तर वारसांना आवाज परत नेता येतो, अशी सोय आहे. नेला तर सगळा तुमच्या हातात देऊ, कापलेलं धरून, आणि आमच्याकडचा पुसून टाकू. नाही नेला, तर पुढच्या आठवड्यात नाव पुसलं जाईल. मग मलाही तो शोधून देता येणार नाही."

मी म्हणलं, "दोन्ही करा. तुमच्याकडं ठेवा आणि मला पण द्या."

"मी आमच्या मोठ्या सरांना तेच म्हणलं. ते म्हणाले, ठेवून एका घराला दिला तर त्या तमाशा करणाऱ्या नवऱ्यालाही द्यावा लागेल."

विलास शेजारी उभा होता. तो लगेच म्हणाला, "आबा, घेऊन या. मी मोबाईलात टाकून देतो. रोज ऐकू." सुनीता भांडी आवरत होती. मीही तेव्हा घेऊन येतो असंच म्हणलं. माझं मन ठरलेलं होतं. मला ते कापलेलंच पाहिजे होतं, शेळीला बघा म्हणलेलं.

संगमनेरला मी एकटा गेलो. कॉलेजात एक लहान खोली, भिंतींना जाड कापड लावलेलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मॅडमनी चहा मागवला. मी विचारलं, "आता त्या मशीनला बायकांचं बोलणं कळतं का?"

"पहिल्यापेक्षा बरं. अजून पुष्कळ चुकतं."

"तिच्यावाचून तुमचं काम अडंल का?"

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. म्हणाल्या, "अडणार नाही, आबा. पण तिच्या वयाच्या बायका आमच्याकडं फार थोड्या आहेत. बऱ्याच जणी लाजून मध्येच थांबल्या. आजी थांबल्या नाहीत."

मी चहा पीत बसलो. मला सुनीताचं रडणं आठवत होतं, आणि पाऊस यायची वाट बघत ठेवलेलं वाक्य आठवत होतं. ते वाक्य तिनं माझ्यासाठी म्हणलं नव्हतं. माझ्यासाठी ती जन्मभर बोलली, ते माझ्यापाशी राहिलं नाही, ती माझी बाब. पण हे तिनं दुसऱ्या कुणाला दिलं होतं. चारचौघांत सांगून दिलं होतं, आणि मी तिथं हजर होतो.

मॅडमनी कानाला लावायचं यंत्र पुढं केलं. "घरी नेलं नाही तरी एकदा ऐका. नाव पुसायच्या आत ऐकायला हरकत नाही, मी विचारून ठेवलंय."

मी हात मागं घेतला. ऐकलं असतं तर घेऊनच घरी आलो असतो.

"राहू द्या," म्हणलं. "तिचं तिथंच राहू द्या." कागदावर सही केली. मॅडम मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या, गाडी लागेपर्यंत थांबल्या. जयभीम आबा, म्हणाल्या. मी मान हलवली.

घरी पोचलो तर विलासचा फोन येऊन गेलेला. मी परत केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि नगरची रेल्वे धरली. पोचलो तेव्हा विलास कामाला निघायच्या बेतात होता, गळ्यात कंपनीचं कार्ड. दार उघडलं आणि सवयीनं म्हणाला, "दोघं..." मग थांबला. सुनीतानं पाणी आणलं. मी ते पिऊन तांब्या खाली ठेवला आणि सांगितलं, आवाज आणला नाही, तिथंच ठेवला, आता मिळायचा नाही.

तो उभाच राहिला. "तुम्ही ऐकला तरी का?"

"न्हाई."

त्यानं गळ्यातलं कार्ड काढून हातात धरलं. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी. मग तो हळू बोलला, इतकं हळू की मला त्याच्या तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागलं. "माझी पण आई होती ती, आबा. मला विचारायचं तरी."

"व्हय," मी म्हणलं. "म्हणून तर फोन केला न्हाई. आलो."