भिगवणला, माशांच्या डोक्यांची पावडर बघायला

औंदा न्यूमोनियानं मला दोन आठवडे दवाखान्यात आडवं पाडलं. घरी आले तर भिगवणहून नात रेश्मानं डबा धाडलेला. वर छापलेलं, ‘प्रतिकारशक्ती वाढवते’. आत माशाची पावडर. मागोमाग फोन.

"आज्जे, मोबाईलसमोर एवढंच बोल, ह्यानं मी उभी राहिले. चार बायकांचं काम हाय. माल खपला न्हाय तर शेड बंद."

म्हटलं, आधी दाव कुठं करतीस. न बघता मी बोलणार न्हाय.

सुप्याहून सकाळची पहिली एसटी धरली. पंचाहत्तरी उलटल्यामुळं तिकीट फुकट. आधारकार्ड मात्र जवळ ठेवा, कंडक्टर सुरकुत्या बघून वय मानत नाही. बारामतीच्या स्टँडवर तासभर बसले. भिगवणची गाडी मिळाली ती सगळी वाट उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगली. कारखाने चालू असताना निघाल तर पाणी आणि पाठीला उशी घ्या. शेजारच्या बाप्यानं विचारलं, "आजी, उजनीवर पक्षी बघाया का?"

"न्हाय, माशांची डोकी."

तो जरा पलीकडं सरकला.

रेश्मा स्कूटी घेऊन आलेली. मला मागं चढवायला तिला आणि एका पानवाल्याला जोर लावावा लागला. उजनीच्या पाण्याजवळ पत्र्याची शेड. वास असा की पदर नाकाला लावूनही भागेना. बाजारात चिलापी, रोहू कापून उरलेली डोकी, काटे, कातडी, एरवी खड्ड्यात जाणारा सगळा माल, इथं धुऊन दळतात. पपईचा अर्क घालून कोमट ठेवतात. मटण शिजवताना आपण कच्ची पपई घालतो, तसंच. मऊ झालं की गाळायचं, वरचं तेल काढायचं, वाळवायचं. बायकांच्या हातात मोजे, फरशी धुतलेली. नाव ठेवायला जागा नव्हती. मी शोधली होती.

चिमूटभर जिभेवर ठेवली.

"कडू हाय गं. पित्त काढत न्हाय का?"

"काढतो की आज्जी," त्या बायकांतली शांताबाई म्हणाली. "तरी राहतंयच थोडं."

रेश्मानं मोबाईल धरला. मी बोलले, "बायका स्वच्छ काम करत्यात. पावडर कडू हाय. मी बरी झाले ती डॉक्टरच्या गोळ्यांनी."

रेश्मानं मोबाईल खाली केला. "तू माझी आज्जी हायस का दुसऱ्या कंपनीची?"

"तुझीच. उद्या एखादी म्हातारी गोळ्या टाकून हेच पीत बसली तर? तिच्या घरी तू जाशील का सांगायला?"

शांताबाईनं परात उगाच दुसऱ्यांदा धुतली.

दुपारी चिलापी फ्राय आणि भाकरी. छोटी मागा, मोठी चिखलाट लागते. भाव सांगता येत नाही, पैसे रेश्मानं दिले. बोलली मात्र नाही. स्टँडवर सोडलं तेव्हा पाया पडली, तेही गाडी चालू ठेवून.

घरी पोचले तर कंबर माझी राहिली नव्हती. लुगडं तीन दिवस बाहेर वाळत घातलं, सुनेनं घरात घेऊ दिलं नाही. आठ दिवस फोन नाही. मी पण केला नाही. शेड बंद पडली असंल, माझ्या तोंडानं पडली असंल, असं रोज मनात यायचं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

नवव्या दिवशी डबा आला. छापलेल्या ओळीवर पांढरा कागद, त्यावर रेश्माचं अक्षर: ‘माशाची पावडर. चव कडवट. औषध नाही.’

मी फोन लावला. म्हणाली, "दोन दुकानांनी माल परत धाडला, आज्जे."

"आणि बाकीच्यांनी?"

"एकानं ठिवलाय. शेड हाय अजून."

चमचाभर आमटीत घालून प्यायले. कडूच. पुढं आठवडाभर रोज घेतली, मग फोन केला. "ये आता मोबाईल घेऊन. रोज पिते, एवढं मी सांगीन."