डिस्क सापडेपर्यंत

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका लहान संस्थेत माझी आत्या संगणक सांभाळते. भिंतींना जाड फोम लावलेल्या दोन खोल्या आणि आत्याच्या टेबलाखाली एक करडी पेटी, म्हणजे त्यांचा लिनक्सवर चालणारा सर्व्हर. आत्या आपल्यापेक्षा त्या पेटीशी जास्त बोलते, अशी आतोबांची कायमची तक्रार आहे.

एका आठवड्यात मी तिच्या मदतीला असताना पेटीचा मदरबोर्ड जळाला. आत्यानं डिस्क काढून नव्या पेटीत बसवली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर काही ओळी उमटल्या आणि यंत्र थबकलं. डिस्क सापडत नाही म्हणे.

"समोर तर बसलीय!" रेकॉर्डिंग करणारा म्हणाला. त्याला सगळे कानसेन म्हणतात.

"तुला दिसतेय. त्याला दिसत नाहीये," आत्या म्हणाली.

त्या डिस्कवर मास्तर होते. निवृत्त मास्तरांनी इतिहासाच्या पुस्तकाची उरलेली प्रकरणं घाईनं वाचून संपवली होती, कारण घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. ऑपरेशन झालं होतं. त्या प्रकरणांची दुसरी प्रत काढण्याआधीच बोर्ड जळाला.

संचालिका मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. "बोर्डाबरोबर डिस्कही गेली असेल. सगळं पुसून नव्यानं टाकलं तर?"

"सर्व्हर लगेच सुरू होईल. पण मास्तर जातील."

"शुभ बोल गं, बाई!" कानसेन ओरडला.

आत्या हसली नाही. तिनं त्या थबकलेल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "डिस्क ठणठणीत असणार. माझंच शहाणपण नडलंय."

यंत्र सुरू होताना आधी एक छोटी बूट इमेज मेमरीत उघडते. खरी डिस्क शोधायची, ती उघडून द्यायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. डिस्कवर बूटसाठी राखलेला कोपरा, जो पेटी आपणच वाचते, अपुरा, म्हणून आत्यानं ती इमेज काटकसरीनं बनवली होती. जुन्या पेटीला लागतील तेवढेच ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग ओळखणारे छोटे प्रोग्राम, तिच्यात होते. नव्या पेटीचा ड्रायव्हर होता, पण डिस्कच्या आत.

"म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलंस," मी म्हटलं.

"आणि वर शेजारणीला सांगत फिरले, माझं घर बघा किती आटोपशीर!"

तिनं पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू केलं. त्याला नवी पेटी ओळखीची होती. डिस्क उघडली, फोल्डर दिसले. आत्यानं आधी सगळी प्रकरणं दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मगच एक वाजवलं. मास्तर खाकरले आणि वाचू लागले. मॅडम खुर्चीत बसल्या.

"चाललंय ना? मग आता हात लावू नका."

"हे पेनड्राइव्हच्या खांद्यावर चाललंय, मॅडम."

ती त्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरली, बूटच्या कोपऱ्यातल्या जुन्या इमेज काढून जागा केली आणि नवी इमेज बनवली. या वेळी सगळे ड्रायव्हर घालून, ऐसपैस. पेनड्राइव्ह उपसून तिनं बटण दाबलं. ओळी मघाशी थबकल्या होत्या त्या जागी आल्या. त्या पुढे सरकल्या.

आत्याची ही गोष्ट मला फार आवडते. चूक सापडली तेव्हा तिनं ती आधी मोठ्यानं सांगितली, मग दुरुस्त केली. आणि कुणी शाबासकी द्यायच्या आत मास्तरांच्या घरी फोन लावला, स्पीकरवर.

मास्तरांच्या पत्नीनं घेतला. "सापडली? थांबा, हे काहीतरी लिहितायत." मग त्या वाचून दाखवू लागल्या, "तिसऱ्या प्रकरणात एक सन चुकीचा वाचलाय. आता कसा सुधारायचा?"

आत्यानं कानसेनकडे पाहिलं. "काकू, त्यांना सांगा, तो आकडा त्यांनी पुस्तकात दुसरीकडे कुठेतरी नीट वाचलाच असेल. तो उचलून इथे बसवतो आम्ही."

कानसेननं हेडफोन आधीच कानाला लावला होता.